फुकट सर्व्हरचा फॉरवर्ड आणि ताईचा फोन

‘ऑफिशियल सर्व्हर म्हणजे लूट, प्रायव्हेट सर्व्हर आपला हक्क’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो भाच्याकडून आला. त्याने तो नुसता पुढे ढकलला असता तर मी सोडून दिला असता; मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात असले मेसेज रोजचेच. पण पठ्ठ्याने त्यात सांगितलेलं सगळं करून ठेवलं, आणि तेही आपल्या आईच्या फोनवर.

ऑफिशियल सर्व्हर म्हणजे गेम बनवणारी कंपनी ज्यावर गेम चालवते तो तिचा स्वतःचा संगणक; प्रायव्हेट म्हणजे तोच गेम परस्पर चालवणाऱ्या भलत्याच माणसाचा. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ऑफिशियल सर्व्हरवर पैसे पडतात, प्रायव्हेटवर तोच गेम फुकट. 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैसे भरून ऑनलाइन गेम खेळणं हाच गुन्हा झालाय, म्हणून फुकट सर्व्हर हा कायदेशीर मार्ग. हे सर्व्हर परदेशात असतात, कंपन्या त्यांचं काही वाकडं करू शकत नाहीत. लॅग, म्हणजे खेळताना होणारा उशीर, कमी. कंपनी आपला सर्व्हर कधीही बंद करते, प्रायव्हेट मात्र कायम. आणि इन्स्टॉल करताना फोन जो इशारा देतो तो कंपन्यांच्या सांगण्यावरून दिलेला असतो, तेव्हा प्ले प्रोटेक्ट (ॲप तपासणारी गुगलची यंत्रणा) बंद करा आणि विचारेल त्या सगळ्याला ‘अलाव’ म्हणा.

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीच्या थापांनी फार तर वेळ जाईल, या थापेने घरातले पैसे जातील.

कंपनीचं ॲप तिच्या स्वतःच्या डिजिटल सहीने येतं. प्रायव्हेट सर्व्हरसाठी त्याच ॲपची एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाइल, उघडून आतला सर्व्हरचा पत्ता बदलतात. फाइलीत एवढा बदल केला तरी मूळ सही मोडते आणि कंपनीची किल्ली यांच्याकडे नसते, म्हणून हे लोक स्वतःची सही ठोकतात. म्हणजे चित्र तेच, नाव तेच, पण ॲप भलत्याच माणसाचं. त्या माणसाने पत्ता बदलताना आणखी काय घुसवलं, ते त्यालाच ठाऊक. प्ले प्रोटेक्ट ओरडतं म्हणून प्रत्येक वेळी व्हायरसच असतो असं मीही म्हणत नाही. पण या ॲपची हमी घ्यायला कुणी नाही एवढं तरी ते खरं सांगतं, आणि मेसेज नेमकं तेच तोंड बंद करायला लावतो.

ताईच्या फोनमधल्या त्या ‘गेम’ला एसएमएस वाचायची परवानगी होती आणि ॲक्सेसिबिलिटीचीही. ॲक्सेसिबिलिटी ही दृष्टी अधू किंवा इतर अपंगत्व असलेल्यांसाठी केलेली सोय. ती ज्या ॲपला मिळते, त्याला स्क्रीनवर काय दिसतंय ते वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. किल्ला बांधून दुसऱ्याच्या गावावर हल्ला करायच्या खेळाला बँकेचा ओटीपी कशाला वाचायचा असतो? याच फोनवर ताईचं यूपीआय आहे, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2000 रुपये जमा झाल्याचा मेसेज येतो तोही याच नंबरवर. भाच्याला विचारलं तर म्हणतो, “मामा, तू उगंच भ्यायलास. सगळी पोरं असंच करत्यात.” सगळी पोरं करतात, कारण मेसेजात तसं लिहिलंय. आणि स्वतःचा फोन किती पोरांकडे असतो? बहुतेकांच्या हातात आईचाच असतो.

पैसे गेले नाहीत. मी फोनमधलं सगळं पुसून तो कोरा केला, यूपीआयचा पिन आणि जीमेलचा पासवर्ड बदलायला लावला. जीमेलचा एवढ्यासाठी, की भाच्याने त्या सर्व्हरवर खातं उघडताना तोच ईमेल आणि तोच पासवर्ड दिला होता. लॉगिनच्या चौकटीत टाकलेला पासवर्ड सर्व्हरवाल्याने ठरवलं तर त्याला जसाच्या तसा मिळतो. तुमच्याकडे असं काही झालं असेल आणि खात्यातून रक्कम गेली असेल तर शेजाऱ्याला विचारत बसू नका, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग सीईएन (सायबर गुन्ह्यांचं) पोलीस ठाणं गाठा.

आता तो कायदा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला हे खरं, आणि मेसेजातलं खरं तिथेच संपतं. बंदी आहे ती ‘ऑनलाइन मनी गेम’वर, म्हणजे काहीतरी जिंकायच्या आशेने फी किंवा रक्कम लावून खेळायच्या खेळांवर. पैशांची रमी, पैशांची फँटसी क्रिकेट वगैरे. त्याच कायद्यात ‘ऑनलाइन सोशल गेम’ची व्याख्या आहे आणि तिथे स्वच्छ लिहिलंय, की प्रवेशासाठी एकदाची फी किंवा वर्गणी घेता येते, फक्त ती पैज नसावी. म्हणजे मेसेज ज्याला गुन्हा म्हणतो त्याला कायद्याने नाव घेऊन मोकळीक दिली आहे. आणि ज्याला कायदेशीर मार्ग म्हणतो, त्याचं काय? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 63 ब वाचा. संगणक प्रोग्रामची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर 7 दिवसांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आहे. गेम खेळणाऱ्या पोराला कुणी उचलून नेणार नाही, नफ्यासाठी नसेल तर कोर्टाला कैद माफ करून फक्त दंड लावता येतो, हे मान्य. पण उलटा कायदा सांगून आयाबापांना घाबरवायचं आणि त्याच दमात पोरांना चोरीच्या मालाकडे वळवायचं, याला निव्वळ लबाडी म्हणतात.

‘फुकट’ची गोष्ट तर कोर्टाच्याच निकालात आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेमचा स्केपगेमिंग नावाचा प्रायव्हेट सर्व्हर होता. खेळायला फुकट, पण तलवारी, घोडे, वरच्या पातळ्या देणगीच्या नावाखाली विकत. ब्लिझार्ड कंपनीने अमेरिकेत दावा लावला. 2010 मध्ये कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टाने सर्व्हर चालवणाऱ्या बाईंना सुमारे 8 कोटी 86 लाख डॉलर भरायला सांगितले. त्यातले 30 लाख 52 हजार डॉलर म्हणजे त्या ‘फुकट’ सर्व्हरवर खेळाडूंकडून मिळालेली कमाई. बाकीची जवळजवळ सगळी रक्कम 4 लाख 27 हजारांवर सदस्य, माणशी 200 डॉलर, या हिशेबाने. वर्गणी नाही म्हणजे पैसे नाहीत, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा 30 लाखांचा आकडा दोनदा वाचावा. भाच्याच्या सर्व्हरवरही ‘व्हीआयपी’साठी यूपीआयचा क्यूआर कोड होताच. त्यावर नाव कुणाचं, पावती कसली, पैसे बुडाले तर दाद कुठे मागायची, याचा पत्ता नाही.

ऑफिशियल म्हणजे पैसे, हेही अर्धवटच. क्लॅश ऑफ क्लॅन्स, बीजीएमआय, व्हॅलोरंट हे ऑफिशियल सर्व्हरवरच फुकट खेळता येतात. पैसे लागतात ते खेळातल्या पोशाखाला किंवा लवकर पुढे जायच्या घाईला. वॉरक्राफ्टची अमेरिकेतली महिन्याची 14.99 डॉलरची वर्गणी मात्र आपल्याकडच्या कॉलेजच्या पोराला परवडणारी नाही, आणि ती लूट वाटली तर मी वाद घालणार नाही.

परदेशातल्या सर्व्हरला हात लावता येत नाही म्हणे! हद्दीच्या आड लपण्याचं कौतुक निदान सीमाभागातल्या माणसाला सांगू नका. नॉस्टॅलरियस हा वॉरक्राफ्टचाच सर्व्हर फ्रान्समध्ये होता. त्यांच्याच सांगण्यानुसार 8 लाख खाती, त्यातली दीड लाख चालू. हे लोक तर पैसेही कमवत नव्हते. कंपनीच्या वकिलांचं पत्र त्यांना आणि त्यांना जागा भाड्याने देणाऱ्या होस्टिंग कंपनीला गेलं, आणि 10 एप्रिल 2016 ला सर्व्हर बंद. सुरू होऊन जेमतेम साडेतेरा महिने झाले होते. ‘प्रायव्हेट कायम’ या दाव्याचंही उत्तर यातच आलं.

लॅगबद्दल फार लिहीत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. जर्मनीतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायलाच 60 मिलिसेकंदांच्या वर लागतात, तेही तार सरळ असेल तर. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे. नकाशा बघा.

एक गोष्ट मात्र कबूल करावी लागते. कंपन्या सर्व्हर बंद करतात आणि विकत घेतलेला गेम मेल्यासारखा होतो. यूबीसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा गेम 31 मार्च 2024 ला बंद केला, पैसे दिलेल्यांच्या हातात काही उरलं नाही. यावरून युरोपात सह्यांची मोहीम झाली आणि 10 लाखांच्या वर सह्या पडल्या, ते योग्यच झालं. नॉस्टॅलरियस बंद पडल्यावर झालेल्या आरडाओरड्यानंतर ब्लिझार्डने 2019 मध्ये जुना वॉरक्राफ्ट स्वतः परत आणला. सिटी ऑफ हीरोज हा 2012 मध्ये बंद झालेला गेम चाहत्यांनी होमकमिंग नावाच्या सर्व्हरवर जिवंत ठेवला, आणि जानेवारी 2024 मध्ये मूळ कंपनीने त्यांना रीतसर परवाना दिला. असे सर्व्हर चालवणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण मेसेजमधली लिंक त्यांची नाही. ती चालू असलेल्या, आधीच फुकट असलेल्या गेमच्या नकलेची आहे.

आणि स्वतःचा सर्व्हर चालवायचीच हौस असेल तर त्याला चोरी लागत नाही. माइनक्राफ्टचा सर्व्हर प्रोग्राम मूळ कंपनीच आपल्या साइटवर फुकट देते, फक्त गेम विकत घेतलेला हवा. भाच्याला तेच सांगितलंय. माझ्याकडे जुना डेस्कटॉप पडून आहे, 8 जीबी रॅमचा. दिवाळीच्या सुट्टीत येऊन घेऊन जा म्हटलं. लाइट बिलाचं तेवढं बापाशी बोलून ठेव.