घरून काम करणाऱ्याने ‘दिसायचे’ म्हणजे नेमके काय करायचे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागण्याच्या चार-पाच दिवस आधी मी हिंजवडीच्या ऑफिसमधून लॅपटॉप घेऊन चिपळूणला आई-बाबांकडे आले आणि तेव्हापासून माझे बहुतेक काम इथूनच चालते. माझी टीम पुण्यात आहे आणि क्लायंट न्यू जर्सीत. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा कधी साडेनऊ, तर कधी साडेदहा तास मागे असते. त्यामुळे ‘सहकाऱ्यांना मी कधी आणि कशी सापडेन’ हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा आहे, आणि त्याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे.

पहिले वर्षभर मी ‘टीम्स’ या ऑफिसच्या चॅट-ॲपवर नावापुढे दिसणाऱ्या हिरव्या ठिपक्याच्या धाकात काढले. काही मिनिटे कळफलकाला हात लागला नाही की टीम्सवर तो ठिपका पिवळा होतो. एकदा पैसे भरण्याच्या प्रक्रियेत कुठे काय बिघडू शकते, याचा मी दोन तास कागदावर आराखडा मांडत होते. संध्याकाळच्या कॉलवर मॅनेजरांनी सर्वांसमोर विचारले, “दुपारी तू दिसली नाहीस?” त्या आराखड्यातून पुढे तीन गंभीर चुका सापडल्या, पण प्रश्न मात्र ठिपक्याचाच झाला. त्यानंतर मी प्रत्येक मेसेजला मिनिटाच्या आत उत्तर देऊ लागले आणि ज्या कामाचा मला पगार मिळतो, ते काम रात्री अकरानंतर करू लागले.

याच भीतीपोटी माउस आपोआप हलवणारी उपकरणे विकली जातात. २०२४ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. कळफलक चालू असल्याचा आभास निर्माण केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. त्या फसवणुकीचे समर्थन मी करणार नाही, परंतु जिथे हालचालीलाच हजेरी मानले जाते, तिथे माणसे हालचालच पुरवणार, हेही मान्य केले पाहिजे.

माझे डोळे उघडले ते २०२१ च्या जुलैमध्ये. २१ तारखेला, बुधवारी संध्याकाळी, मी नेहमीप्रमाणे टीमच्या सामाईक फाइलमध्ये दिवसाची नोंद केली होती: सॉफ्टवेअरच्या कोणत्या चाचण्या पूर्ण झाल्या, कोणती चाचणी कुठे आणि कशामुळे अडली, उद्या सकाळी कोणाला काय विचारायचे आहे. २२ तारखेला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले. वीज गेली, मोबाइलचे नेटवर्क गेले. आमचे घर उंचावर असल्याने आम्ही बचावलो, पण चौथ्या दिवशी भावाने दुचाकीवरून दूर नेले तेव्हा कुठे रेंज मिळाली. पहिले सगळे मेसेज आमच्या खुशालीचे होते. त्याखाली एका सहकाऱ्याने लिहिले होते, “ताई, तुमच्या नोंदीवरून राहिलेल्या चाचण्या केल्या, सोमवारचे रिलीज ठरल्याप्रमाणे होईल.” चार दिवस मी कोणालाही सापडत नव्हते आणि तरीही कोणाचे काम अडले नव्हते.

म्हणून मी सापडणे आणि दिसणे या दोन गोष्टी वेगळ्या मानते. सापडणे हे आपले कर्तव्य आहे. नव्याने लागलेला मुलगा एका शंकेसाठी चार तास ताटकळत बसला, तर तो दोष अनुभवी माणसाचाच असतो. मी दुपारी दोन ते पाच आणि संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळा टीमला कळवून ठेवल्या आहेत. त्या वेळात मी लगेच उत्तर देते, बाहेर जायचे झाल्यास आधी सांगते, आणि खरोखरच काही पेटले असेल तर फोन करण्याची मुभा सर्वांना आहे. दिसायला मात्र माणसाचे काम हवे, आणि ते लिहिल्याशिवाय दिसत नाही.

यात मॅनेजरांची जबाबदारी आपल्यापेक्षा मोठी आहे. ऑफिसात जाणाऱ्याला चहाच्या टपरीवर दोन शब्द बोलता येतात आणि अप्रेझलच्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाच्या वेळी तेच चेहरे आठवतात. घरी लहान मूल किंवा आजारी सासूबाई असल्याने घरून काम करणाऱ्या बायका यात मागे पडताना मी पाहिल्या आहेत. अप्रेझलला बसण्यापूर्वी वर्षभराच्या नोंदी उघडून वाचल्या, तर हा अन्याय बराच कमी होईल.

फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले होते. असा कायदा इथेही व्हावा, असे मला मनापासून वाटते, पण टीमने आपल्या वेळा ठरवून घेण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

आता पावसाळ्यात रेड अलर्ट आला की मी त्या दिवसाची नोंद दुपारीच पूर्ण करते, आणि तिच्या शेवटी पुण्यातल्या माझ्या बहिणीचा फोन नंबर लिहून ठेवते.