दिवाणी कोर्ट की हेग?

ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नवीन लॉ कॉलेजं काढायला तीन वर्षांची बंदी घातली. दर्जाचा पत्ता नसलेली कॉलेजं गावोगाव निघत होती, त्यांना आळा घालायचा म्हणून. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या बातमीवर आमच्या बॅचच्या ग्रुपवर एका मित्राने लिहिलं, "आता या इंटरनॅशनल लॉ स्कूलवाल्यांनाही आवरा. आपल्याला दिवाणी कोर्टात उभे राहणारे वकील हवेत, हेगला जाणारे नकोत." हेग म्हणजे नेदरलँड्समधलं आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं शहर. खाली अंगठ्यांची रांग लागली. ज्यांची मुलं पुण्याला, बंगळूरला पाच वर्षांचा कायदा शिकतायत, त्यांचेही अंगठे होते. त्याचं जास्त वाईट वाटलं.

मी कोल्हापूरला वकिली केली आहे, सीपीआर रुग्णालयासमोरच्या कोर्टाच्या जुन्या इमारतीत. आता नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्तच्या लॉ फॅकल्टीत पदवीच्या मुलांची ट्यूटोरियल्स घेते. त्यामुळे त्या वाक्याच्या दोन्ही बाजू माझ्याच आहेत, आणि एकीला दुसरीविरुद्ध उभं केलेलं मला सहन होत नाही.

इथे एका गटात बारा-पंधरा मुलं असतात. इथल्याच लिंबुर्ग प्रांतातली असतात, जर्मनीतल्या आखनहून रोज ये-जा करणारी असतात, इटली-रोमानियाची असतात. तास चालवते त्यांच्यातलीच एक मुलगी. मी कोपऱ्यात बसते आणि गाडी अगदीच रुळावरून घसरली तरच तोंड उघडते. परवाचा प्रश्न असा होता: एका वाहतूक कंपनीने जर्मनीहून रसायन आणलं, नेदरलँड्सच्या कस्टम्सने त्यावर तीनऐवजी आठ टक्के जकात लावली. युरोपीय करारात तर जकात वाढवायची नाही असं ठरलेलं. मग या कंपनीला तो करार इथल्या कोर्टात दाखवता येईल का? करार झाला होता देशादेशांत, कंपनीचा त्याच्याशी काय संबंध? मुलं आधी अर्धा तास प्रश्न नेमका काय आहे यावरच भांडली. आपल्याला काय माहीत नाही ते फळ्यावर लिहिलं, आणि उठून गेली. पुढच्या तासाला प्रत्येक जण युरोपीय न्यायालयाचा १९६३ चा फान गेंड एन लोस निकाल वाचून आला. हे त्या कंपनीचंच नाव, आणि निकाल असा की करार तिला कोर्टात दाखवता येतो. वाचून आल्याशिवाय त्या खोलीत बसताच येत नाही, कारण लपायला मागचा बाकच नाही.

ही केस मला ग्रुपवर सांगावीशी वाटते. युरोपच्या कायद्याचा पाया म्हणून जो निकाल जगभर शिकवतात, त्याच्या मुळाशी एका वाहतूकदाराची जकातीची पावती आहे. तालुक्याच्या बाररूममध्ये रोज ज्या तऱ्हेची कागदपत्रं येतात, तसलाच तो कागद. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे सूटबूट आणि विमानाचं तिकीट, असं मानणाऱ्यांनी ही पावती डोळ्यांसमोर आणावी.

आणि हेगचं म्हणाल, तर पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात भारताची बाजू मांडायला तिथे हरीश साळवे उभे राहिले. नागपूर विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर. १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ असा भारताच्या बाजूने निकाल लागला, तो व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ वर. परक्या देशात पकडलेल्या माणसाला आपल्या वकिलातीशी बोलता आलं पाहिजे, एवढंच ते कलम सांगतं. ज्या घरातला माणूस परदेशात अडकला आहे, त्या घराला "हेगला जाणारे वकील नकोत" हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्याहून मोठं उदाहरण आपल्या मातीतलं आहे, आणि महाराष्ट्रातल्या वकिलाला त्याची आठवण करून द्यावी लागते याचा मला राग येतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, लंडनच्या ग्रेज इनमधून १९२२ साली बॅरिस्टर झालेले डॉ. आंबेडकर. १९२७ च्या डिसेंबरात सनातन्यांनी महाडच्या कोर्टातून चवदार तळ्यावर तात्पुरता मनाई हुकूम आणला. दाव्यात प्रतिवादी म्हणून बाबासाहेबांचंच नाव. तो दावा लढत लढत मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात निकाली निघाला. तळ्याचं पाणी फक्त सवर्णांनीच भरायचं, ही अनादी काळापासूनची वहिवाट असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही. वहिवाट, पुरावा, तात्पुरता मनाई हुकूम हे सगळं अस्सल दिवाणी कोर्टाचं काम आहे. याच काळात, १९३५ मध्ये, ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्यही झाले. न्यूयॉर्क, लंडन आणि महाड यांत एक निवडा, असं त्यांना कोणी म्हणालं असतं का?

आमच्या कॉलेजात काय होतं? भल्या मोठ्या हॉलमध्ये हजेरी व्हायची, मग सर कलमं वाचून दाखवायचे. परीक्षा गाइडवर निघायची. मूट कोर्टचं, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्याचं, जर्नल मागच्या बॅचचं बघून उतरवायचं असा रिवाजच होता. वकिलीची सनद हातात घेऊन कोर्टात गेले तेव्हा सिनिअरनी निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाई हुकमाचा, अर्ज हातात दिला आणि म्हणाले, "ताई, चालवा." प्रथमदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा समतोल, भरून न येणारं नुकसान हे तिन्ही शब्द मला पाठ होते. समोरच्या सातबाऱ्यावरच्या एका फेरफारावरून ते तिन्ही कसे उभे करायचे, हे कोणी शिकवलं नव्हतं. ते मी सिनिअरांच्या फायली चाळून, बेंच क्लार्ककडून ऐकून, न्यायाधीशांची बोलणी खाऊन शिकले. ग्रुपवरचे सगळे असेच शिकले आहेत. त्या धडपडीचा त्यांना अभिमान आहे, मलाही आहे. पण पुढच्या पोरांनीही तसंच ठेचकाळत शिकावं, हा आग्रह कशाला? त्या काळात हरलेल्या पक्षकारांचं काय?

गंमत म्हणजे नियमात हे सगळं आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी दावे आणि कैफियती (प्रतिवादीची लेखी उत्तरं) लिहिण्याचा विषय सक्तीचा केला, मूट कोर्ट सक्तीचं केलं, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघायला लावला. आणि त्याच नियमांत एका तुकडीत साठ मुलांची परवानगी आहे. साठ मुलांच्या कैफियती कोण वाचणार, कोण लाल शाईने दुरुस्त करून परत देणार? घोडं तिथे अडतं.

कोणी म्हणेल, युरोपात पैसा आहे, तिथलं इथे सांगू नकोस. ठीक आहे. पण युरोपातही सगळं गोड नाही. नेदरलँड्सच्या संसदेत इंग्रजीतल्या पदवी अभ्यासक्रमांना लगाम घालण्याच्या विधेयकावरून वाद झाला, आणि बेल्जियमच्या सीमेवरच्या आमच्या गावाला त्याची धास्ती मोठी होती. डच लोक म्हणतात, परदेशी मुलं येतात, घरं अडवतात, शिकतात आणि जातात. शिवाय आमच्याकडची इंग्रजीतली युरोपीय कायद्याची पदवी घेऊन इथे वकिली करता येत नाही. त्यासाठी डच कायद्याची पदवी, त्यावर मास्टर्स आणि मग सिनिअरच्या हाताखाली तीन वर्षं. म्हणजे ब्रुसेल्स-लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संस्थांच्या कामाला तयार झालेली माझी विद्यार्थिनी आपल्याच गावच्या कोर्टात उभी राहू शकत नाही. मित्राच्या बोलण्यात जो खरा अंश आहे तो हा, आणि तो मी रोज बघते.

रोज बघते, कारण मीही त्यातलीच आहे. पूर्णवेळ नोकरी धरली तेव्हा नियमाप्रमाणे भारतातली सनद स्थगित करून घेतली. इथल्या कोर्टात मी फार तर मागे प्रेक्षकांत बसू शकते. जे शिकवते त्यावर बोलायला मला कुठल्याही देशात कोर्ट नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, आमच्या त्याच जुन्या इमारतीत. सहा जिल्ह्यांनी कित्येक वर्षं ज्यासाठी आंदोलनं केली ते मिळालं. मित्रमैत्रिणींचे बँड लावलेले फोटो ग्रुपवर येत होते. मी प्रत्येकाचं अभिनंदन केलं, आणि दिवसभर कोणाशी बोलले नाही. ग्रुपवरच्या त्या वाक्याने मी एवढी का पेटले, त्याची अर्धी मुळं त्या दिवसात आहेत. "नकोत" म्हटलेल्यांत मी स्वतःला मोजलं होतं.

पण त्या बेंचमुळेच माझा मुद्दा आणखी पक्का होतो. गडहिंग्लजच्या कोर्टातली साक्ष मराठीत, निकाल अनेकदा मराठीत. राज्यघटनेच्या कलम ३४८ मुळे हायकोर्टाचं कामकाज मात्र इंग्रजीत. उद्या गडहिंग्लजचाच पोरगा तो मराठी रेकॉर्ड घेऊन बेंचपुढे इंग्रजीत उभा राहील. दोन भाषांत एकच मुद्दा न सांडता मांडणं ही शिकवायची गोष्ट आहे. युरोपीय कायदा चोवीस भाषांत सारख्याच अधिकाराने लागू असतो, म्हणून मास्ट्रिख्तच्या मुलांना हा सराव होतो. आपल्याकडे तो कोणत्याच कॉलेजात होताना मी पाहिलेला नाही, महागड्या लॉ स्कूलमध्येही नाही आणि गावच्या कॉलेजातही नाही.

साठाच्या तुकडीचे चार गट करा. प्रत्येक गटाला कोल्हापूरच्याच एका निकाली निघालेल्या दाव्याची फाइल द्या, सातबाऱ्यापासून अपिलाच्या मेमोपर्यंत. शिकवायला बाररूममधले, दुपारनंतर मोकळे असणारे, पाच-सात वर्षं प्रॅक्टिस झालेले वकील घ्या आणि त्यांना तासाचे रीतसर पैसे द्या. फान गेंड एन लोस त्यांनी नाही वाचला तरी चालेल. पण मुलांनी कैफियत लिहून आणली पाहिजे, आणि सोमवारी ती फाडून काढणारा कोणीतरी समोर बसलेला पाहिजे.