गंजक्या खिळ्यांच्या ड्रममध्ये युरिया तयार होत नाही

परभणीहून धाकट्या भावाचा फोन आला. कपाशीला युरियाचा दुसरा हप्ता द्यायचा होता, तो त्याने थांबवलाय. कारण मोबाईलवर फिरणारा एक मेसेज: पत्र्याच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये पाणी, गोमूत्र, गूळ आणि ५ किलो गंजलेले खिळे घाला, झाकण घट्ट आवळा, रोज तासभर खाली जाळ करा. २१ दिवसांत लोखंड हवेतला नायट्रोजन ओढून घेतं, युरिया फुकट! "दादा, कारखान्यात पण लोखंडच वापरतात की."

आधी जाळाचं बोलतो, कारण घरात लहान लेकरं आहेत. बंद ड्रमखाली जाळ करू नका. युरिया ज्यापासून बनतो तो अमोनिया कारखान्यात नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून ४०० ते ५०० अंश तापमानाला, हवेच्या दाबाच्या शंभर-दोनशे पट दाबाखाली, जाड पोलादी भांड्यात तयार होतो. पत्र्याचा ड्रम त्याच्या कितीतरी आधी शिवणीवर फाटेल आणि उकळतं पाणी अंगावर येईल.

आता लोखंड. कारखान्यात लोखंडच असतं, एवढं खरं. अमोनिया लवकर तयार व्हावा म्हणून जर्मनीत मिटाश या रसायनशास्त्रज्ञाने हजारो मिश्रणं तपासली, तेव्हा स्वीडनचं लोहखनिज उजवं ठरलं आणि १९१३ साली तिथल्या ओप्पाऊ गावात अमोनियाचा कारखाना सुरू झाला. पण ते लोखंड करतं काय? नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. असा रेणू लोखंडाच्या उघड्या पृष्ठभागावर टेकला की लोखंडाचे इलेक्ट्रॉन तो बंध सैल करतात. बंध तुटतो, दोन्ही अणू लोखंडाला चिकटून बसतात. शेजारी हायड्रोजनचेही सुटे अणू असतात. ते एकेक करून तीन जोडले गेले की अमोनिया उडून जातो आणि जागा पुन्हा मोकळी होते. गेरहार्ट एर्टल या जर्मन शास्त्रज्ञाने हे निर्वात भांड्यात, स्वच्छ लोखंडाच्या स्फटिकावर पायरीपायरीने उलगडलं. २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना अशाच कामासाठी मिळालं.

सगळा खेळ त्या मोकळ्या जागेचा आहे. गंज म्हणजे ऑक्सिजनने आधीच बळकावलेली जागा. कारखान्यातही सुरुवातीला लोखंडाचं ऑक्साइडच भरतात, पण गरम हायड्रोजन सोडून त्यातला ऑक्सिजन काढून टाकतात. नंतर वायूत पाण्याची थोडी वाफ राहिली तरी काम मंदावतं. आणि आपण खिळे पाण्यातच बुडवतोय! शिवाय हायड्रोजन कुठून आणणार? आणि अमोनिया झाला तरी तो युरिया नव्हे, युरिया हा त्यापुढचा टप्पा.

"ड्रमला अमोनियाचा वास येतो" हा मेसेज पाठवणाऱ्यांचा पुरावा. तो वास गोमूत्रातला मूळचा युरिया कुजल्याचा आहे. म्हणजे नवीन नायट्रोजन तयार होत नाही, होता तोच उडून चाललाय.

ड्रममधलं पाणी फवारल्यावर पानं हिरवी झाली असं काहीजण सांगतात. होतही असतील. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोखंड असून पिकाला मिळत नाही, केवडा पडतो, म्हणजे पानं पिवळी पडतात. फवारणीत थोडं विरघळलेलं लोखंड गेलं तर फरक दिसू शकतो. पण ते हिराकसाचं, म्हणजे लोहाच्या खताचं काम झालं, युरियाचं नाही.

"कारखान्यातल्या युरियात लोखंडाचा भुसा येतो" असंही काहीजण म्हणतात, तेही खोटं. ते लोखंड भांड्यातच वर्षानुवर्षं राहतं, बाहेर येतो तो वायू.

बापू, ड्रमचं झाकण आजच काढ. पात्या लागल्यात, जमिनीत ओल आहे तोवर हप्ता देऊन टाक.