"काढूनच टाका की, मॅडम"

आज सोलापुरात सात रस्त्याजवळ एका दवाखान्यात दाढेत सिमेंट भरायला गेले होते. माझ्या आधी एक बाई होती, पस्तिशीची असेल. गाल सुजलेला, पदर घट्ट दाबून धरलेला. मॅडमनी एक्स-रे बघून सांगितलं, दाढ वाचते, रूट कॅनल करू आणि वर कॅप बसवू. बाईनं खर्च विचारला आणि आकडा ऐकताच म्हणाली, "काढूनच टाका की, मॅडम. पोरांच्या फिया भरायच्यात."

नवरा शेजारीच. मोबाईलमधून मान वर केली नाही.

माझं डोकं फिरलं, ते अजून फिरलेलंच आहे.

कारण हे वाक्य आमच्या घरात बोललं गेलंय. आई पूर्व भागात विड्या वळायची. मांडीवर सूप, दुखऱ्या गालात लवंग, आणि हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय उठायचं नाही. लवंगेनं तासभर बधिर व्हायचं, बास. आतली कीड तिचं काम करतच होती. सुरुवातीला दाढेवर नुसता काळा ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. तेव्हा एका बैठकीत भरून झालं असतं! पण तेव्हा दुखत नव्हतं ना. आणि दुखायला लागतं तोवर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली असते. हाड मोडलं तर जुळतं, जखमेवर खपली धरते, दाताचं कवच एकदा गेलं की परत येत नाही. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

लहान पोरांचंही तेच. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांमागे जी दाढ येते ती कायमची असते, आणि आपण "पडायचाच आहे" म्हणून सोडून देतो. अरे, ती पडून परत यायची नाही!

खर्च जास्त आहे, मान्य. काही दाढा खरंच वाचत नाहीत, तेही मान्य. पण घरातल्या बाईचीच दाढ कशी कायम "काढून टाका"मध्ये जाते?

आईची पहिली दाढ काढली, स्वस्तात सुटलो असं वाटलं. मग रिकाम्या जागेत शेजारची कलली, वरची खाली उतरली, अन्न अडकायला लागलं, दोन वर्षांत तीही किडली. "काढून टाक की गं एकदाची," असं तिला कोण म्हणालं होतं? मी. नोकरीला लागले होते, पैसे होते माझ्याकडे.

त्या नवऱ्यावर मी मघाशी एवढी चिडले, पण त्याच्या खिशात काय होतं मला काय माहीत. कदाचित मान वर करायचीच लाज वाटत असेल. बाई मात्र आत जाताना जिभेनं ती दाढ चाचपत होती, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

रात्री आई कडक भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून बसली होती, मऊ व्हायची वाट बघत. आमची सगळ्यांची ताटं उचलली तरी तिची अर्धी भाकरी शिल्लक. म्हटलं, उरलेले तरी दाखवून येऊ. म्हणाली, "आता कशाला? राहिलेत किती?"

ट्यूबखाली तोंड उघडायला लावलं आणि मोजले. सतरा आहेत. दोनांवर काळे ठिपके आहेत.

सोमवारी घेऊन जाते.