नववीतच एकदा वर्कशॉप दाखवा

करिअरचं मार्गदर्शन दहावीच्या निकालानंतर नको, आठवी-नववीपासून हवं, असं एका लेखात वाचलं आणि शंभर टक्के पटलं. माझ्या भाच्याला दहावीत ८२ टक्के पडले आणि घरात एकच घोषा, सायन्स घे. पोरगा मात्र दिवसभर जुने मिक्सर, पंखे उघडून बसायचा. दहावीनंतर इंजिनिअरिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे आम्हाला कळलं तेव्हा तो अकरावीत गटांगळ्या खात होता! शाळेत कलचाचणी झाली होती म्हणे. तो कागद कपाटात पडून. त्यापेक्षा नववीच्या पोरांना जवळच्या आयटीआयमध्ये नेऊन लेथ, म्हणजे धातूला आकार देणारं यंत्र, चालताना दाखवा. सोबत पालकांनाही न्या. आमच्या दाजींना तर पहिल्या रांगेत.