खोटे तिकीट ओळखायचे तर आधी ते उलटे करा

टपाल तिकीट खरे की खोटे हे ठरवताना बहुतेक संग्राहक भिंग घेऊन चित्रावर नजर खिळवतात. माझे मत असे की आधी तिकिटाची मागची बाजू आणि कडा पाहाव्यात. संपूर्ण बनावट तिकीट छपाईच्या ढोबळपणामुळे बरेचदा सापडते, पण अस्सल तिकिटात फेरफार केलेला असतो तेव्हा चित्र, शाई आणि कागद हे तिन्ही साक्षीदार खरेच बोलत असतात.

ज्याँ द स्पेराती या तिकिटांच्या नकलाकाराने यातल्या अस्सल कागदाचाच फायदा घेतला. स्वस्त, अस्सल तिकिटावरची छपाई तो रसायनाने उडवी आणि शक्य तिथे टपालाचा खरा शिक्का तसाच ठेवून त्याच कागदावर दुर्मीळ तिकिटाचे चित्र उतरवी. १९४२ साली फ्रेंच कस्टम्सने लिस्बनला निघालेली त्याची तिकिटे अडवली, तेव्हा तज्ज्ञांनी ती अस्सल ठरवली आणि आपण केवळ नकला पाठवत होतो हे सिद्ध करण्याची वेळ खुद्द नकलाकारावर आली!

आजच्या फेरफारांपैकी मला सर्वाधिक खटकतो तो पुन्हा लावलेला गोंद, आणि त्याला आपणच खतपाणी घालतो. हिंजचा (तिकीट अल्बममध्ये चिकटवण्याच्या कागदी पट्टीचा) पुसटसा डागही नसलेल्या मूळ गोंदासाठी आपण अवाच्या सवा रक्कम मोजतो, म्हणून तर धुतलेल्या तिकिटावर नवा गोंद चढवणे परवडते. तो ओळखण्यासाठी तिकिटाच्या कडेचे दात पाहावेत. गोंद लावलेला ताव फाडून तिकीट सुटे केले की दातांच्या टोकांवर कागदाचे मऊ, मोकळे तंतू दिसतात; गोंद नंतर लावला असेल तर तो या तंतूंत मुरतो आणि टोके बोटाला टणक, काहीशी टोचरी लागतात.

कडेवर नव्याने पाडलेल्या छिद्रांचेही तसेच आहे. २ सेंटीमीटरमधील छिद्रांची संख्या बरोबर आली म्हणून निश्चिंत होऊ नये. समोरासमोरच्या कडा जुळतात का आणि एकाच कडेचे दात संशयास्पदरीत्या नीटनेटके आहेत का, हे पाहावे. अतिनील दिव्याखाली एकोणिसाव्या शतकातील तिकिटाचा कागद निळसर पांढरा झगमगला, तर तो बहुधा पुढच्या काळातला समजावा, कारण कागद उजळवणारी ती द्रव्ये विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वापरात आली.

तज्ज्ञांचे प्रमाणपत्र जोडलेले असले, तरी त्यावरील छायाचित्राशी हातातील तिकिटाचा एकेक दात आणि शिक्क्याची जागा ताडून पाहावी आणि मागची बाजूही पुन्हा तपासावी, कारण प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही तिकिटाला गोंद लावता येतो.