१,९८६ प्रमाणपत्रे आणि त्यांतले बॉलिवूड

गेल्या दिवाळीपासून साताऱ्यातल्या निदान पाच व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एकच मजकूर फिरतो आहे. आमच्या दहावीच्या तुकडीचा गट, चार भिंती या टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट आणि एका पतसंस्थेच्या सभासदांचा गटही त्यांत आला. मजकूर असा : "बॉलिवूडने एका वर्षात १,९८६ चित्रपट काढले. हॉलिवूड जेमतेम ५००. म्हणजे आपण त्यांच्या चौपट मोठे. आपल्याकडे रोज पाच नवे सिनेमे थिएटरात लागतात. त्यात मराठी मोजून वीस. आणि अभिमानाची गोष्ट, निम्म्या बॉलिवूडचे शूटिंग आपल्या वाईत होते!" शेवटी तिरंगा, हात जोडलेली चित्रे आणि 'प्रत्येक सातारकराने पुढे पाठवा' अशी आज्ञा.

या सहा वाक्यांतला पहिला आकडा खरा आहे. पण तो ज्याच्या खात्यावर लिहिला आहे त्याचा तो नाही, आणि पुढची पाचही वाक्ये त्या चुकीच्या खात्यावर उभी आहेत. म्हणून एकेक वाक्य घेऊन पाहणे भाग आहे.

१,९८६ ही संख्या केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या, म्हणजे आपण अजूनही ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो त्याच्या, १ एप्रिल २०१६ ते ३१ मार्च २०१७ या वर्षातली आहे. त्या बारा महिन्यांत देशातल्या सर्व भाषांमधल्या मिळून इतक्या भारतीय कथापटांना प्रमाणपत्र मिळाले. त्यांत हिंदी ३६४ होते, तमिळ ३०४, तेलुगू २९४, कन्नड २२०, बंगाली १६३ आणि मल्याळम १५६. उरलेल्यांत मराठी, भोजपुरी, गुजराती, पंजाबी, ओडिया, असमिया आणि इतर अनेक भाषा येतात. बॉलिवूड या शब्दाचा अर्थ मुंबईतला हिंदी चित्रपटधंदा असा धरला, तर त्याचा वाटा शेकड्याला अठराच्या आसपास पडतो. याउलट दक्षिणेच्या चार भाषांची बेरीज ९७४ होते, म्हणजे जवळजवळ निम्मी. सगळी संख्या बॉलिवूडच्या नावावर चढवणे म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्या साखर कारखान्यांचे गाळप एकट्या सातारा जिल्ह्याच्या नावावर दाखवण्यासारखे आहे. कोल्हापूरकर ते ऐकून घेणार नाहीत, आणि चेन्नई-हैदराबादकरांनीही हे का ऐकून घ्यावे?

हिंदी तरी पहिल्या क्रमांकावर आहे ना, असे एका मित्राने विचारले. त्या वर्षी होती. २०१२ साली प्रमाणित झालेल्या १,६०२ चित्रपटांत मात्र तमिळ २६२, तेलुगू २५६ आणि हिंदी २२१ असा क्रम होता. तेव्हा हे पहिलेपणही कायमचे नाही. जाता जाता सांगायचे तर, 'वूड' जोडून नाव पाडण्याच्या खेळातही मुंबई पहिली नव्हे. टॉलीगंजवरून कोलकात्याच्या चित्रपटसृष्टीला टॉलिवूड म्हणण्याची पद्धत १९३२ पासूनची आहे, बॉलिवूड हा शब्द त्यानंतर चार दशकांनी रुळला.

आता 'काढले' या क्रियापदाकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे. चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर काही क्षण एक कागद दिसतो, तेच मंडळाचे प्रमाणपत्र. त्या वेळी आपण पॉपकॉर्न सांभाळत खुर्ची शोधत असतो, म्हणून तो कोणी वाचत नाही. त्यावर चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी, 'यू', 'यूए' किंवा 'ए' हा वर्ग, अर्जदाराचे आणि निर्मात्याचे नाव, तारीख आणि एक क्रमांक असतो. क्रमांकाच्या आरंभी 'डीआयएल' अशी तीन अक्षरे दिसली तर चित्रपट डिजिटल आहे, भारतीय आहे आणि लांब, म्हणजे ७२ मिनिटांपेक्षा मोठा आहे. शेवटी वर्ष आणि ज्या शहरातल्या कार्यालयाने तपासला त्या शहराची अक्षरे. मंडळाची अशी नऊ कार्यालये आहेत, आणि मुंबईचे कार्यालय हिंदीबरोबर मराठी, गुजराती, भोजपुरी चित्रपटही तपासते, त्यामुळे 'मुंबई' अशी अक्षरे दिसली म्हणून चित्रपट हिंदी ठरत नाही. १,९८६ ही या कागदांची मोजणी आहे. तो चित्रपट कधी लागला, किती ठिकाणी लागला, मुळात लागला की नाही, यांतले काहीच त्या कागदावर नसते.

हा फरक मला पुस्तकातून कळलेला नाही. कोरेगाव तालुक्यातल्या माझ्या एका परिचिताने काही वर्षांपूर्वी मराठी चित्रपट काढला. कर्ज, भावकीकडून उसने घेतलेले पैसे आणि विकलेली बारा गुंठे जमीन, असे त्याचे भांडवल होते. नट बहुतेक गावातले, आणि चित्रीकरण दोन वाड्यांत आणि एका विहिरीवर. प्रमाणपत्र मिळाले त्या दिवशी त्याने पेढे वाटले. पुढे आठ महिने वितरक मिळाला नाही. शेवटी एका पडद्यावर दुपारी साडेबाराचा एकच खेळ मिळाला, आणि तोही पाच दिवसांनी उतरला. मी तिसऱ्या दिवशी गेलो होतो. आम्ही अकरा जण होतो, त्यांतले सात जण त्याच चित्रपटात काम केलेले. आज त्याच्या बैठकीच्या खोलीत गणपतीच्या कॅलेंडरशेजारी ते प्रमाणपत्र चौकट करून लावलेले आहे. वार्षिक आकड्यात त्याचा चित्रपट एक, आणि त्याच वर्षी हजारो पडद्यांवर झळकलेला मोठ्या ताऱ्याचा चित्रपटही एकच. मोजणीचा दोष नाही, कारण मंडळाचे काम प्रमाणपत्र देण्याचे आहे, धंदा मोजण्याचे नाही. पण ती मोजणी धंद्याचा आकार म्हणून पुढे पाठवणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

यातच वर्षाचाही घोळ आहे. मंडळाचे वर्ष एप्रिल ते मार्च असे सरकारी, तर चित्रपटगृहाचे आणि पुरस्कारांचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव'ला २०१६ या वर्षाचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, आणि सर्वसामान्य प्रेक्षकाला तो चित्रपटगृहात पाहायला मिळाला २०१७ च्या उत्तरार्धात. असा चित्रपट कोणत्या वर्षाच्या उत्पादनात धरायचा, याचे उत्तर मोजणारा कोण आहे यावर ठरते.

'रोज पाच सिनेमे थिएटरात' हे वाक्य १,९८६ ला ३६५ ने भागून आले आहे, हे उघड आहे. भागाकार बरोबर आहे. पण चित्रपट रोज लागत नाहीत, शुक्रवारी लागतात. तेव्हा भागायचेच तर ५२ ने भागावे, आणि मग दर शुक्रवारी ३८ नवे चित्रपट असे उत्तर येते. साताऱ्यातले सगळे पडदे एकत्र केले तरी त्यांना जागा पुरणार नाही, आणि पुण्याच्या मल्टिप्लेक्सांनाही नाही. जे लागतात ते आपापल्या भाषेच्या मुलखात लागतात, आणि जे लागत नाहीत त्यांची गोष्ट वर सांगितली.

हॉलिवूडचे 'जेमतेम ५००' कुठून आले याचा शोध घेता एक गंमत हाती लागली. युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेने २००९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती, आणि तिच्यातले आकडे २००६ या वर्षाचे होते : भारत १,०९१, नायजेरिया ८७२, अमेरिका ४८५. पाचशेचा उगम बहुधा हाच. तसे असेल तर मजकूर लिहिणाऱ्याने आपले २०१६-१७ चे कणीस अमेरिकेच्या दहा वर्षांपूर्वीच्या कणसाशेजारी ठेवून उंची मोजली. खुद्द २०१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या चित्रपटगृहांत ७१८ चित्रपट लागले. हा आकडा प्रदर्शित चित्रपटांचा आहे, त्यांत परदेशीही आले, म्हणून तोही आपल्या प्रमाणपत्रांशेजारी जसाच्या तसा ठेवता येत नाही. आणि हॉलिवूड म्हणजे फक्त तिथले मोठे स्टुडिओ असे म्हणावे, तर त्यांचे त्या वर्षीचे चित्रपट दीडशेच्याही आत होते. त्या पाहणीतला नायजेरियाचा आकडाही बोलका आहे : ते सगळे ८७२ चित्रपट व्हिडिओवर काढलेले होते. 'चित्रपट' कशाला म्हणायचे हेच तीन देशांत तीन प्रकारचे असेल, तर चौपट-पाचपटीचे गणित कशाच्या जोरावर मांडायचे?

'चौपट मोठे' हे मात्र सरळ तपासता येते, कारण धंद्याचा आकार मोजायला इतर मापे आहेत. २०१६ मध्ये अमेरिका-कॅनडाच्या तिकीट खिडकीवर सुमारे ११.४ अब्ज डॉलर जमा झाले आणि भारतात सुमारे १.९ अब्ज डॉलर, म्हणजे त्यांचा गल्ला आपल्या सहापट. तिथे चाळीस हजारांच्या आसपास पडदे, तर आपल्या सबंध देशात दहा हजारांहून कमी. एका बाबतीत आपण खरेच पुढे आहोत, आणि तिचा मजकुरात पत्ताच नाही : तिकिटे. तिथे त्या वर्षी सुमारे १३२ कोटी तिकिटे विकली गेली, आणि भारतात दोनशे कोटींच्या आसपास. इतक्या कमी पडद्यांवर इतकी माणसे बसतात, आणि तरीही गल्ला सहाव्या हिश्शाचा, याचे कारण तिकिटाचा दर. साताऱ्यातल्या पोवई नाक्यावर मिसळ आणि चहाला जेवढे पडत तेवढ्यात, निदान सकाळच्या खेळाला, तेव्हा सिनेमा पाहता येत असे, आणि ते मला चित्रपटांच्या संख्येपेक्षा जास्त मोलाचे वाटते. संख्येतले पहिलेपणही अनादि नाही : १९६० साली जपानने ५४७ चित्रपट काढले होते, आणि भारत त्याच्या पुढे गेला तो १९७१ च्या सुमारास, चारशेहून थोड्या अधिक चित्रपटांनिशी.

'मराठी मोजून वीस' हे वाक्य मला सर्वांत अधिक बोचले, कारण ते पुढे पाठवणारे सगळे मराठीच होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मराठी चित्रपटाला ओहोटी लागली होती, वीसचा आकडा त्या आठवणीतून आला असावा. २०१० नंतरच्या दशकात मात्र बहुतेक वर्षी प्रमाणित मराठी चित्रपट शंभराच्या पुढे गेले. राज्य शासन 'अ' दर्जाच्या मराठी चित्रपटाला ४० लाख आणि 'ब' दर्जाच्या चित्रपटाला ३० लाख रुपये अर्थसाहाय्य देत होते, कॅमेरे स्वस्त झाले होते, आणि २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सांनी दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात मराठी चित्रपटाचा एक खेळ ठेवावा असे शासनाने ठरवले. यांतून संख्या वाढली. पण माझ्या परिचितासारख्यांचीही वाढली, हे कबूल केले पाहिजे. ज्या वर्षाचा हा १,९८६ चा आकडा आहे त्याच वर्षात, २९ एप्रिल २०१६ ला, 'सैराट' प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींच्या घरात जाणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. पुढच्या दोन वर्षांत तीच कथा कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि शेवटी हिंदीत निघाली. त्या हिंदी चित्रपटाचे प्रमाणपत्र बॉलिवूडच्या खात्यात मोजायला हरकत नाही. परश्या-आर्चीचे मूळ गाव मात्र करमाळ्याकडचे.

राहिली वाई. मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये उत्तर प्रदेशातले चरणपूर झाला, 'गंगाजल'मध्ये वाई बिहारात गेली, 'दबंग'मध्ये पुन्हा उत्तर प्रदेशात, आणि 'चेन्नई एक्सप्रेस'च्या वेळी थेट तामिळनाडूत. मी स्वतः एकदा मेणवलीच्या रस्त्यावर किराणा दुकानाच्या पाटीवर दुसऱ्याच जिल्ह्याचे नाव रंगवलेले पाहिले आहे. दुकानदार खाली बसून नेहमीप्रमाणे शेंगदाणे तोलत होता, आणि गिऱ्हाईक पाटी वाचून गोंधळले की हसत होता. ही गावाला आवडलेली आणि चार पैसे देणारी गोष्ट आहे, यात वाद नाही. पण त्या वर्षीच्या ३६४ हिंदी चित्रपटांचे निम्मे म्हणजे १८२, आणि तेवढे चित्रपट खरेच वाईत झाले असते तर दर दोन दिवसांनी नवा ताफा ढोल्या गणपतीसमोर उतरला असता आणि वाईकरांना नदीवर कपडे धुवायला जागा उरली नसती. वाईचा खरा वाटा ज्याला मोजायचा असेल त्याने लॉजच्या नोंदवह्या, जेवणाच्या डब्यांचे हिशेब, भाड्याने गेलेले ट्रॅक्टर आणि बैलजोड्या पाहाव्यात. सेन्सॉरच्या आकड्यात तो सापडणार नाही. त्या कागदावर भाषेचा रकाना आहे, लांबीचा आहे, चित्रीकरण कुठे झाले याचा नाही.